एक पौंडाची बरणी

वेंडेल पेल्कीचं हातावर पोट,
आणि हातच फुटलेले.
पेरापेरांत चिरा, चिरांत मीठ.
पहाटे चारपासून जोन्सपोर्टच्या धक्क्यावर
तो कोपरापर्यंत बुडालेला असतो
शेवंडांच्या आमिषाच्या पिंपात.

मार्चमध्ये डॉक्टरांनी मलम लिहिलं,
साठ ग्रॅमची ट्यूब, दिवसातून दोनदा.
मे महिन्यात तो परत आला,
हात आणखी वाईट.
"लावतोस ना?"
"लावतो."
डॉक्टरांनी फाइलीत टिपलं : गुण नाही.
आता याहून जालीम काहीतरी. याहून महाग.

मी लोर्ना थिबोडो, इथली नर्स.
एकोणीस वर्षं माणसांना सांगत आलेय,
शर्ट काढा, मोजे काढा, पाठ दाखवा.
निमूट काढतात.
पण किंमत ऐकून मागे फिरलात का,
एवढं विचारलं
की झटकन कपडे ओढून घेतात अंगावर.

म्हणून त्याला विचारलंच नाही.
औषधाच्या दुकानात फोन केला.
रूथॅन म्हणाली, आला होता की.
दोनशे अडतीस डॉलर ऐकले,
म्हणाला, पाकीट ट्रकमध्ये राहिलं, आलोच.
दहा दिवस ट्यूब त्याच्या नावानं फडताळात होती.

घरी लावत काय होता,
तर गाईच्या सडांचं मलम,
शेजारच्या गोठ्यातून मागून आणलेलं.

माझ्या खणात कंपनीच्या फुकट ट्यूबा आहेत,
करंगळीएवढ्या, देखण्या.
विकणारा पोरगा दर महिन्याला डोनटसोबत ठेवून जातो.
पूर्वी मीही वाटायचे, पुण्य लागेल अशा थाटात.
ट्यूब आठवड्यात संपते,
चटक लागलेलं अंग उरतं आणि दोनशे अडतीस डॉलर.
आवळा देऊन कोहळा.
खणाला मी आता कुलूप लावते.

विमा कंपनीला फोन लावला.
सत्तेचाळीस मिनिटं पियानोचा तोच तुकडा,
मग एक मुलगी, दमलेल्या आवाजात :
आधी दोन स्वस्त औषधं हरू द्या,
मग तिसऱ्याचं बघू.
हरू द्या म्हणजे कुठं, मी विचारलं,
बोटांवर?
ती गप्प राहिली. तिच्यापुढच्या कागदावर
या प्रश्नाचं उत्तर नसावं.

मग डॉक्टर कास्टाँगेंच्या दारात जाऊन उभी राहिले.
ती जुनी बरणी लिहा ना.
कुठली?
त्यांना खरंच आठवेना.
औषधाचा कण न् कण ठाऊक,
भाव एकाचाही नाही.
त्यांच्या पडद्यावर तो दिसतच नाही.

पांढरी, प्लास्टिकची, एक पौंडाची,
वर ना चित्र, ना झोकदार नाव.
औषध त्यांच्या कॉलेजाहून म्हातारं.
बावीस डॉलर, विमा न दाखवता.
विमा दाखवला तर एकतीस.
का, ते मला विचारू नका.

वेंडेल बरणीकडे बघत राहिला.
एवढी? हात काय लोणच्यासारखे मुरवू हिच्यात?
रात्री लाव, म्हटलं, वर सुती हातमोजे चढव.
आणि परवडलं नाही तर मला सांग.
बाकी हवं तेवढं खोटं बोल.

ऑगस्टात आला. उजवा हात जवळजवळ कोरा.
डाव्या अंगठ्याची चीर तशीच, मीठ कुठं बदललंय.
बरणी मात्र निम्मी रिकामी,
इतक्यात संपायला नको होती.
बराच वेळ टोपी फिरवत बसला, मग म्हणाला,
ड्वाइटला दिलं. जॅमच्या बाटलीत.
तोही त्याच पिंपात हात घालतो.

असं चालत नाही, मी म्हटलं,
कारण असं म्हणायचा मला पगार मिळतो.
मग खुर्ची जवळ ओढली.
ड्वाइटचं आडनाव काय?
विमा आहे का त्याला?
नाही म्हणतोस. बरं.
गुरुवारी घेऊन ये. पाकीट ट्रकमध्ये राहिलं तरी चालेल.

फोन खांद्यात धरलेलाच होता,
दुसऱ्याच कुणासाठी,
पियानो पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला.